लाव्यांच्या खुराड्यांतील नर-मादींचा मेळ

नीरा आणि भीमा ह्या दोन नद्यांच्या दरम्यान पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर हे तालुके पसरलेले आहेत. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथवर पोहोंचलें तेथवर ऊंस आणि फळबागा. जेथें तें पोहोंचलें नाहीं तेथें, विशेषतः सुप्याच्या बाजूला, गवताचे उघडे माळ. ह्याच माळांपैकीं एक तुकडा मयूरेश्वर अभयारण्य म्हणून चिंकारा हरणांसाठीं राखलेला आहे. पावसाळ्याच्या अखेरीस अशा माळावरून चालणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं एक अनुभव घेतला असेल. अगदीं पायांशीं येईपर्यंत कसलीही हालचाल दिसत नाहीं. आणि एकाएकीं फर्रकन् मातकट रंगाचें, मुठीएवढें पांखरूं उडतें व थोड्याच अंतरावर पुन्हा गवतांत दिसेनासें होतें. हाच लावा. संस्कृतांत ह्याच्या जातभाईंना लावक, वर्तक, वर्तिका अशीं नांवें आहेत; आणि अश्विनीकुमारांनीं लांडग्याच्या जबड्यांतून सोडविलेली जी वर्तिका ऋग्वेदांत उल्लेखिलेली आहे, तीही ह्याच पक्ष्यांपैकीं.

परंतु रानांतील लावा हा ह्या भाषणाचा विषय नव्हे. त्याला धरणें अथवा मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. पाळावयाचा तो जपानी लावा. जपानांत बाराव्या शतकाच्या सुमारास लोक त्याला त्याच्या आवाजासाठीं पिंजऱ्यांत ठेवीत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अंड्यांसाठीं व मांसासाठीं त्याची पैदास होऊं लागली. भारतांत हा पक्षी १९७४ सालीं कॅलिफोर्नियांतून बरेलीजवळच्या इज्जतनगरास आणण्यांत आला. तेथेंच १९७९ सालीं केंद्रीय पक्षी संशोधन संस्था उभी राहिली, आणि तिच्या कामामुळें लावेपालनाचा प्रसार देशांत झाला.

ह्या पक्ष्याचें आयुष्य मोठें लगबगीचें आहे. अंड्यांतून पिल्लूं सतराव्या-अठराव्या दिवशीं बाहेर येतें. त्या वेळीं तें सात-आठ ग्रॅम वजनाचें, भुंग्याहून कांहींसें मोठें एवढेंच असतें. सहाव्या-सातव्या आठवड्यांत हेंच पिल्लूं अंडीं घालण्याजोगें होतें. मादी नरापेक्षां वजनानें अधिक भरते. तिचें अंडें सुमारें दहा ग्रॅमचें, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाच्या बारा-पंधराव्या हिश्शाइतकें. एका वर्षांत लाव्यांच्या तीन-चार पिढ्या सहज होतात. कोंबड्यांच्या शेडी बारामती-इंदापुरास नव्या नाहींत; अशा शेडीच्या वळचणीला, थोड्या जागेंत आणि घरच्या माणसांच्या देखरेखीखालीं चालूं शकेल असा हा जोडधंदा आहे. मात्र ज्या लगबगीमुळें फायदा लवकर हातीं येतो, त्याच लगबगीमुळें चुकीचें फळही लवकर पदरांत पडतें. कोंबड्यांच्या कळपांत जी चूक चार-पांच वर्षांनीं दिसेल, ती लाव्यांच्या खुराड्यांत एका वर्षांत उघडी होते. ही चूक बहुधा एकाच ठिकाणीं होते, आणि तें ठिकाण म्हणजे नरांची संख्या.

प्रथम शहरांतील कुटुंबांच्या मनांतील एक शंका दूर केली पाहिजे. बाजारांत मिळणारीं ठिपक्यांचीं छोटीं अंडीं खाण्यासाठीं ज्याला हवीं आहेत, त्यानें एकही नर ठेवण्याचें कारण नाहीं. मादी नराशिवायही अंडीं घालते. तीं निर्जीव असतात, उबविलीं तरी फुटत नाहींत. पण पोषणांत तीं रेसभरही कमी नसतात. गच्चीवर आठ-दहा माद्या ठेवून घरापुरतीं अंडीं मिळवावयाचीं असतील, तर नर नसलेलाच बरा. कारण मादीवांचून एकटा पडलेला नर दिवसरात्र आरवतो आणि शेजाऱ्यांची झोंप मोडतो. नरांचा प्रश्न उत्पन्न होतो तो पिल्लें काढावयाचीं असतील तेव्हांच.

मग नर किती ठेवावे? पुस्तकांत ह्याचें उत्तर एका ओळींत मिळतें: तीन माद्यांमागें एक नर. उत्तर खोटें नाहीं, परंतु तें अपुरें आहे. खुराड्यांत वस्तुतः तीन निरनिराळे हिशेब एकाच वेळीं चालूं असतात. एक आजच्या अंड्यांचा, दुसरा खुराड्यांतील शांततेचा आणि तिसरा पुढल्या पिढ्यांचा. पहिले दोन हिशेब बहुतेक पाळणारे ठेवतात. तिसरा सहसा कोणी ठेवीत नाहीं, आणि कळप बुडतो तो त्याच्यामुळें.

ह्या तिन्ही हिशेबांच्या आधीं निसर्गाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. मनुष्यांत मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या बीजावरून ठरतें. पक्ष्यांत ह्याच्या उलट आहे. नराचीं दोन्ही लिंगसूत्रें सारखीं असतात, मादीचीं भिन्न असतात. म्हणून निम्मीं अंडीं एका सूत्राचीं आणि निम्मीं दुसऱ्या सूत्राचीं निघतात, आणि शंभर पिल्लांत सुमारें पन्नास नर व पन्नास माद्या येतात. टोंकदार अंड्यांतून नर आणि वाटोळ्या अंड्यांतून मादी निघते, अशा समजुती पुष्कळ ठिकाणीं आढळतात. त्यांत तथ्य नाहीं. खाणें बदलून किंवा दिवस पाहून अंडीं ठेवल्यानें हें प्रमाण बदलत नाहीं. निसर्ग एकास एक देतो आणि पाळणाऱ्याला एकास तीन हवे असतात. म्हणजे जन्मलेल्या दर तीन नरांपैकीं दोन नर वंशवृद्धीच्या कामाबाहेर जाणार, हें आधींच ठरलेलें असतें. त्यांची रवानगी पांचव्या-सहाव्या आठवड्यांत मांसाकडे होते. धंद्याचा हा भाग कठोर आहे. पण तो डोळ्यांआड केल्यानें नाहींसा होत नाहीं. उलट, ते नर दयेपोटीं खुराड्यांत तसेच राहूं दिले, तर त्यांचे हाल मादीला भोगावे लागतात.

नर आणि मादी ओळखणें सोपें आहे. तिसऱ्या आठवड्यांत छातीवर नवीं पिसें येतात. नराची छाती विटकरी तांबूस आणि बिनठिपक्याची दिसते. मादीची फिकट करडी असून तिच्यावर काळे ठिपके असतात. पांढऱ्या जातीच्या लाव्यांत ही खूण उपयोगी पडत नाहीं. तेथें सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत थांबून शेपटीखालचा भाग पाहावा. वयांत आलेल्या नराला गुदद्वाराच्या वरच्या बाजूस तांबूस फुगीर ग्रंथि असते, आणि ती हलकेंच दाबली असतां साबणासारखा पांढरा फेंस येतो. हा फेंस म्हणजे नर कामाला तयार झाल्याची खूण होय. ज्याची ग्रंथि आठव्या आठवड्यांतही सुकलेली दिसते, तो नर कितीही धष्टपुष्ट असला तरी पैदाशीला निवडूं नये.

आतां पहिला हिशेब, फलित अंड्यांचा. कोंबड्यांत एका कोंबड्यामागें आठ-दहा माद्या चालतात, मग लाव्यांत तीनच कां? ह्याचें कारण मादीच्या शरीरांत आहे. पक्ष्याच्या मादीमध्यें नराचें बीज सांठवून ठेवणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. एकदां संग झाला कीं तें बीज पुढें कांहीं दिवस रोजच्या अंड्याला पुरतें. कोंबडीमध्यें हा सांठा दोन-तीन आठवडे टिकूं शकतो. लाव्यांच्या मादीमध्यें तो फार लवकर सरतो. नर काढून घेतल्यावर चार-पांच दिवसांतच निर्जीव अंड्यांचें प्रमाण झपाट्यानें वाढूं लागतें. सांठा लहान, म्हणून भरणा वारंवार हवा. आणि भरणा वारंवार हवा, म्हणून नर अधिक हवेत. एका नरामागें दोन किंवा तीन माद्या असतांना फलित अंडीं भरपूर मिळतात. चार-पांच झाल्या कीं प्रमाण उतरूं लागतें. त्यापुढें उबवणीच्या पेटींत निर्जीव अंड्यांचीच भरती होते.

ह्याच कारणास्तव अंडीं केव्हां गोळा करावींत, ह्याचाही नियम आहे. नर माद्यांत सोडल्यापासून पहिले तीन दिवस अंडीं खाण्याकडे वळवावींत आणि चौथ्या दिवसापासूनचीं उबविण्यासाठीं ठेवावींत. नर काढून घेतल्यानंतर तिसऱ्या दिवसापर्यंतचींच अंडीं उबवणीस घ्यावींत. माद्यांचें वय दहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत असावें. त्यापुढें मादी अंडीं देत राहते, पण त्यांतून निघणारीं पिल्लें कमी होत जातात, आणि नराची शक्तीही उतरते.

दुसरा हिशेब शांततेचा. फलित अंडीं वाढावींत म्हणून कोणी एकास एक असे नर ठेवले तर काय होतें, हें माद्यांच्या मानेकडे पाहिलें म्हणजे कळतें. नर संगाच्या वेळीं मादीच्या डोक्यामागचीं पिसें चोंचींत धरतो. नर अधिक झाले कीं एकाच मादीवर दोघेतिघे धांवून जातात. मानेमागचीं पिसें झडतात, कातडें उघडें पडतें, रक्त दिसलें कीं इतर पक्षी तेथेंच टोंचूं लागतात, आणि कधीं कधीं मादी दगावते. शिवाय नर आपसांत झुंजतात तें निराळेंच. जखम पाहतांना एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. डोक्याच्या मागें आणि मानेवर टक्कल असेल, तर तो बहुधा नरांचा प्रताप. ऐन टाळूवर जखम असेल, तर पक्षी दचकून सरळ वर उडाला आणि पिंजऱ्याच्या छताला आपटला, असें समजावें. पहिल्या प्रकारांत नर कमी करावे. दुसऱ्यांत छताला आंतून मऊ कापड लावावें.

शांतता राखण्याचा दुसरा उपाय म्हणजे वेळ साधणें. नर आणि माद्या वयांत येण्यापूर्वीं, पांचव्या आठवड्याच्या सुमारास, एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकांना लवकर सरावतात. जमलेल्या संसारांत मागाहून परका नर सोडला तर तंटा ठरलेलाच. जागाही पुरेशी हवी; मोठ्या पक्ष्याला पिंजऱ्यांत निदान दोनशें चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या दीडपट जागा लागते, आणि पैदाशीच्या पिंजऱ्यांत ती सढळ असलेली चांगली.

येथें एक अडचण उभी राहते. लहान पिंजऱ्यांत एक नर आणि तीन माद्या असे संसार थाटले तर बाप कोण हें नक्की कळतें. परंतु तो एक नर निकामी निघाला कीं तिन्ही माद्यांचीं अंडीं वायां जातात. उलट मोठ्या खणांत दहा नर आणि तीस माद्या सोडल्या तर एखाद्या नराचा दोष झांकला जातो. पण तेथें दोन-तीन दांडगे नर बाकीच्यांना माद्यांजवळ फिरकूं देत नाहींत, आणि कागदावर दहा बाप असले तरी प्रत्यक्षांत पिल्लें तिघांचींच असतात. ह्यावर तोडगा असा, कीं विकावयाचीं पिल्लें मोठ्या खणांतून काढावींत आणि स्वतःच्या पुढील पिढीसाठीं राखावयाचीं पिल्लें लहान संसारांतून काढावींत. व दर दहा नरांमागें तीन नर राखीव म्हणून वेगळे सांभाळावे.

अंडीं फुटलीं नाहींत कीं दोष नरावर ढकलण्याची रीत सर्वत्र आहे. तो दरवेळीं खरा नसतो. लाव्याच्या अंड्याचें कवच ठिपक्यांनीं भरलेलें असल्यामुळें दिव्यापुढें धरून आंतलें नीट दिसत नाहीं. म्हणून न फुटलेलीं अंडीं अठराव्या-एकोणिसाव्या दिवसानंतर फोडून पाहावींत. आंत स्वच्छ पिवळा बलक असून रक्ताची रेघही नसेल, तर बहुतेक अंडें मुळांतच निर्जीव, आणि मग नराचा विचार करावा. रक्ताची कडी किंवा कोंवळा गर्भ दिसला, तर नरानें आपलें काम केलें होतें. दोष सांठवणीचा किंवा उबेचा. बारामती-इंदापुराकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत खोलीच्या कोपऱ्यांत आठवडाभर ठेवलेल्या अंड्यांतील गर्भ उबवणीपूर्वींच अर्धवट वाढूं लागतो आणि मरतो. अंडीं पंधरा अंशांच्या जवळपास थंड जागीं ठेवावींत आणि सात दिवसांच्या आंत पेटींत घालावींत. पेटींत उष्णता साडेसदतीस अंश असावी आणि चौदाव्या दिवसापर्यंत अंडीं फिरवीत राहावें. घरगुती लावा आपलीं अंडीं स्वतः उबविण्याचें जवळजवळ विसरला आहे. म्हणून यंत्र तरी हवें, नाहीं तर खुडूक कोंबडी.

हिवाळ्यांत निराळें कारण असतें. डिसेंबरांत ह्या भागांत दिवस अवघा अकरा तासांचा होतो. लाव्यांचीं प्रजननेंद्रियें उजेडाच्या तासांवर चालतात. दिवस आंखूड झाला कीं मादी अंडीं कमी करते आणि नराची ग्रंथिही आक्रसते. संध्याकाळीं व पहांटे दिवा लावून उजेड चौदा ते सोळा तास केला कीं दोन-तीन आठवड्यांत दोघेंही पूर्ववत् होतात. उन्हाळ्यांतील तापानें नराचें बीज दुबळें होतें, म्हणून त्या दिवसांत छपरावर गवत, बाजूंना ओलीं पोतीं आणि गार पाणी हाच नर वाढविण्यापेक्षां चांगला उपाय. आणखी एक गंमतीची व उपयोगाची गोष्ट अशी, कीं प्रत्येक मादीच्या अंड्यावरील ठिपक्यांची नक्षी तिची स्वतःची असते आणि ती सहसा बदलत नाहीं. एका पिंजऱ्यांत तीन माद्या असल्या तर अंड्यावरून मादी ओळखतां येते. वारंवार एकाच नक्षीचीं अंडीं निर्जीव निघूं लागलीं, तर नर बदलण्याऐवजीं ती मादीच काढावी.

येथवरचे दोन्ही हिशेब एका हंगामाचे झाले. तिसरा हिशेब वंशाचा आहे, आणि तो थोड्या आंकड्यांनीं स्पष्ट होतो. एखाद्यानें चाळीस पक्षी ठेवले. अंडीं माद्या देतात, नर नुसते दाणे खातात, असा विचार करून त्यानें अडतीस माद्या आणि दोनच नर ठेवले. पहिल्या हिशेबानें हें चुकलेंच. परंतु तो मोठा चतुर आहे, दोघां नरांना आळीपाळीनें सर्व माद्यांत फिरवून कशींबशीं अंडीं फलित करून घेतो, असें समजूं. तरीसुद्धां पुढल्या पिढींतील प्रत्येक पिल्लूं ह्या दोघांपैकींच कोणाचें तरी. प्रत्येक पिल्लाचा निम्मा वांटा बापाकडून येतो. म्हणजे साऱ्या कळपाच्या रक्ताचा निम्मा भाग अवघ्या दोन पक्ष्यांतून गाळून निघाला. अमेरिकन शास्त्रज्ञ स्यूअल राइट ह्यांनीं १९३१ सालीं ह्याचा हिशेब सूत्रांत मांडला. नरांच्या संख्येला माद्यांच्या संख्येनें गुणावें, येणाऱ्या संख्येची चौपट करावी आणि एकूण पक्ष्यांच्या संख्येनें भागावें. जें उत्तर येईल तितक्याच पक्ष्यांचा तो कळप वंशदृष्ट्या समजावा. दोन नर आणि अडतीस माद्या ह्यांचें उत्तर येतें ७.६. चाळीस पक्ष्यांचे दाणे खर्ची पडतात आणि कळप असतो जेमतेम आठांचा! त्याच जागेंत दहा नर आणि तीस माद्या ठेवल्या तर उत्तर ३० येतें. एकच नर आणि एकोणचाळीस माद्या ठेवल्या तर चारसुद्धां पुरे भरत नाहींत.

हा आंकडा लहान झाल्यानें काय बिघडतें? त्या आंकड्याच्या दुपटीनें एकाला भागलें म्हणजे दर पिढीस रक्तांतील जवळीक किती वाढते, तें निघतें. दहा नरांच्या कळपांत ती दर पिढीस पावणेदोन टक्क्यांहूनही कमी वाढते. दोन नरांच्या कळपांत साडेसहा टक्क्यांहून अधिक. लाव्यांच्या चार पिढ्या एका वर्षांत होतात असें धरलें, तर दोन नरांच्या कळपांतील पिल्लें वर्षअखेर जवळजवळ सख्ख्या भावाबहिणींच्या संततीइतकीं एकमेकांच्या रक्तांत गुंतलेलीं असतात. आपल्याकडील सगोत्र विवाहाच्या निषेधामागें काय काय विचार होते, ह्यावर मतभेद होतील. लाव्यांच्या बाबतींत मात्र अशा संबंधाचें फळ तपासून पाहिलेलें आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील सिटमन, आबप्लानाल्प आणि फ्रेझर ह्या संशोधकांनीं १९६६ सालीं जपानी लाव्यांवरील असेच प्रयोग प्रसिद्ध केले. सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या पिढ्यान्पिढ्या लावून चालविलेले वंश तिसऱ्या पिढीच्या सुमारास संपुष्टांत आले. आधीं अंडीं फुटेनाशीं होतात, मग पिल्लें जगेनाशीं होतात, मग मोठे झालेले पक्षीच वांझ निघूं लागतात. पाळणाऱ्याला वाटतें खाद्य वाईट आलें, सांथ आली, यंत्र बिघडलें. वस्तुतः वर्षापूर्वीं त्यानें नरांच्या दाण्यांत जी काटकसर केली, तिचें तें बिल असतें.

मोठ्या प्रमाणावरही असा प्रसंग आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धांत जपानांतील पाळीव लाव्यांचा जवळजवळ नायनाट झाला. आवाजासाठीं शतकानुशतकें जोपासलेले वंश कायमचे गेले. अंड्यांच्या वंशांतील थोडे पक्षी उरले. १९४५ नंतर त्या थोडक्यांच्या आधारावर आणि बाहेरून आणलेल्या पक्ष्यांच्या मदतीनें हा धंदा पुन्हा उभा करावा लागला. बाहेरचें रक्त मिळालें म्हणून तो उभा राहिला, ही गोष्ट लहान पाळणाऱ्यानेंही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मग घरगुती पाळणाऱ्यानें करावें काय? उपाय साधा आहे आणि त्याला खर्च फारसा नाहीं. कळपाचीं चार घराणीं करावींत. त्यांना पहिलें, दुसरें, तिसरें, चौथें म्हणावें आणि प्रत्येकाच्या पिल्लांच्या पायांत निराळ्या रंगाचें कडें घालावें. पुढील पिढी लावतांना पहिल्या घराण्याचे नर दुसऱ्यांत, दुसऱ्याचे तिसऱ्यांत, तिसऱ्याचे चौथ्यांत आणि चौथ्याचे पहिल्यांत द्यावे. माद्या मात्र आपापल्या घरींच राहतात. म्हणजे ह्या समाजांत मुली माहेरीं राहतात आणि मुलगे घरजांवई होऊन जातात. एवढ्या एका रिवाजानें भावाबहिणींचा संबंध टळतो आणि रक्ताची जवळीक पुष्कळ सावकाश वाढते.

नर निवडतांनाही एक मोह आवरावा लागतो. सर्वांत मोठे, सर्वांत देखणे पांच-सहा नर पाहावे तर ते पुष्कळदां एकाच बापाचे असतात. ते सगळेच ठेवले तर नर दहा दिसले तरी बाप एकच. म्हणून प्रत्येक बापामागें एक-दोन मुलगे, असा नियम करून त्या मर्यादेंत चांगला असेल तो घ्यावा.

ह्या सर्वांचा एक नमुना-हिशेब मांडून पाहतां येईल. तीस माद्यांपासून रोज वीस-बावीस अंडीं मिळालीं तर सात दिवसांत दीडशेंच्या घरांत जातात. कांहीं निर्जीव, कांहीं पेटींत मेलेलीं वजा जातां शंभर पिल्लें निघालीं असें धरूं. त्यांत पन्नास नर आणि पन्नास माद्या. वाढतांना थोडीं दगावून प्रत्येकीं पंचेचाळीस उरलीं. त्यांतून तीस माद्या, दहा कामाचे नर व तीन राखीव, असे त्रेचाळीस पक्षी ठेवावे. बाकीचे बत्तीस नर मांसासाठीं आणि पंधरा माद्या खाण्याच्या अंड्यांसाठीं विक्रीस निघतात. तीन राखीव नरांचे दाणे रोज शंभर ग्रॅमलाही पोहोंचत नाहींत; त्यांच्यामुळें तीस माद्यांचीं अंडीं सुरक्षित राहतात.

दोन-तीन वर्षांनीं मात्र बाहेरचे नर आणलेच पाहिजेत. येथें शेजारधर्म उपयोगी पडतो. बारामतीच्या बागायतींत एकाचा कळप आहे आणि इंदापुराकडे भिगवण-पळसदेवच्या बाजूला दुसऱ्याचा. दोघांनीं दर दीड-दोन वर्षांनीं पांच-सहा नरांची अदलाबदल केली, तर पैसा न मोडतां दोघांचेही कळप ताजे राहतात. अट एवढीच, कीं दोघांनीं मूळ पिल्लें एकाच ठिकाणाहून एकाच वेळीं घेतलेलीं नसावींत. नाहीं तर ती अदलाबदल दूरच्या गांवीं राहणाऱ्या चुलत भावंडांची ठरेल. आणलेले नर दोन-तीन आठवडे निराळ्या जागीं ठेवून, ते निरोगी आहेत अशी खात्री झाल्यावरच कळपांत घ्यावे. नाहीं तर नव्या रक्ताबरोबर नवा रोगही घरांत येतो. शंका असेल तेथें तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा. बारामतीस १९९२ पासून चालणाऱ्या कृषि विज्ञान केंद्रासारखें ठिकाण जवळ असल्यामुळें ह्या भागांतील शेतकऱ्याला चार शहाण्यांचें मत विचारण्यासाठीं पुण्यापर्यंत जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.

खुराड्याच्या दारावर एक वही टांगलेली असावी. तींत पिंजऱ्याचा क्रमांक, नराच्या कड्याचा रंग, तो कोणत्या घराण्यांतून आला, पेटींत किती अंडीं घातलीं आणि किती फुटलीं, एवढ्या पांच गोष्टी दर आठवड्यास लिहाव्या. दुसरी-तिसरी इयत्ता शिकलेल्या मुलालाही हें काम जमतें. दोन-तीन पिढ्यांच्या नोंदी एकाखालीं एक आल्या म्हणजे नर कोठें कमी पडले, कोठें अधिक झाले आणि कोणत्या घराण्याचें रक्त विटूं लागलें, हें कळप उतरणीला लागण्यापूर्वींच वहीवरून कळतें. आणि त्या वेळीं उपाय अगदीं थोडक्यांत होतो, शेजाऱ्याकडून आणलेल्या पांच-सहा नरांत.